रोजच्या वापरातली जुनी जिप्सी ऑफ-रोडसाठी कशी तयार करावी

ही माहिती मारुती जिप्सीसाठी आहे, आणि त्यातही सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाऊन रविवारी चिखलात उतरणाऱ्या जिप्सीसाठी. ट्रेलरवर चढवून न्यायची गाडी असेल तर इथले बरेच नियम सैल करता येतात. रोजच्या गाडीनं हायवेवर सरळ चाललं पाहिजे, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढता कामा नये, आणि रविवारच्या चिखलानंतर सोमवारी सकाळी पहिल्या स्टार्टरला चालू झालं पाहिजे. दगडावर चढणं त्याच्या नंतर. त्यामुळे कामाचा क्रम असा धरा: आधी दुरुस्ती, मग टायर, मग पाण्यापासून संरक्षण आणि ओढण्याची सोय. उंची वाढवणं सगळ्यात शेवटी, आणि तेही गरज असेल तर.

गाडी कोणती आहे ते आधी ओळखा

जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली ती ९७० सीसीच्या इंजिनाची, चार गिअरची. १९९३ मध्ये ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) रुंद झाला. १९९६ मध्ये १.३ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पाच गिअर आले. २००० मध्ये त्याच मापाचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं) इंजिन आलं, ८० हॉर्सपॉवरचं. उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. रोज चालवायला एमपीएफआय गाडीच घ्यावी. जुनी ९७० सीसीची गाडी चिखलात छान चालते, पण घाटात मागं रांग लागते.

भंगार बाजारातून अ‍ॅक्सल, शाफ्ट किंवा हाउसिंग घेताना गाडी अरुंद ट्रॅकची की रुंद ट्रॅकची हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन्हींची लांबी वेगळी असते. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर आधी चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि कागद जुळवून पाहा, मग बॉनेट उघडा.

आधी दुरुस्ती

मोठे टायर लावले की आधीपासून ढिली असलेली प्रत्येक गोष्ट बोलायला लागते. म्हणून मोठे टायर लावण्याआधी गाडी मूळ स्थितीला आणा. या कामाला महिनाभराचे शनिवार-रविवार सहज जातात. बाहेरून काही दिसत नाही, पण सगळ्यात मोल याच कामाचं आहे.

सुरुवात पुढच्या अ‍ॅक्सलपासून. चाक जॅकवर उचला, वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिनचं (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं) बेअरिंग गेलं आहे. नंतर चाक डावीकडून-उजवीकडून हलवा. तो खेळ बहुतेक वेळा टाय रॉड एंडचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा असतो. किंगपिनला बेअरिंग नवीन घालाच, पण शिमही (अंतर भरायच्या पातळ चकत्या) नीट मोजून घाला. शिम जास्त झाल्या तर खेळ राहतो, कमी झाल्या तर स्टिअरिंग जड होऊन वळणानंतर परत येत नाही. नकल (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) बसवताना सील न लावता स्प्रिंग काट्यानं ओढून पाहावं आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेत आणावं. बरेच मेकॅनिक हे नुसत्या हाताच्या अंदाजानं करतात आणि गाडी काही महिन्यांत परत येते.

ताशी ५५ ते ६५ किलोमीटरला स्टिअरिंग थरथरायला लागतं ही जिप्सीची जुनी तक्रार. त्यावर लगेच नवा स्टिअरिंग डॅम्पर लावून देतात. डॅम्पर आजार झाकतो, बरा करत नाही. शोध याच क्रमानं घ्या: टायर बॅलन्सिंग, टाय रॉड एंड, चाकाचं बेअरिंग, किंगपिन, पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश, आणि शेवटी कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन).

नकलच्या गोल भागावर आतल्या बाजूनं ग्रीस आणि तेलाचा काळा पातळ थर ओघळत असेल तर आतलं तेल सील गेलं आहे. डिफचं (डिफरेन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलमधली गिअरची पेटी) तेल ग्रीसमध्ये येऊन ते धुऊन काढतं आणि आतला सीव्ही जॉइंट (वळतानाही चाकाला जोर पोचवणारा सांधा) कोरडा पडतो. फक्त बाहेरची पट्टी बदलून हे थांबत नाही. नकल उतरवून आतलं सील बदलावं लागतं. उतरवलंच आहे तर जुनं ग्रीस पूर्ण काढून मॉलिब्डेनमचं नवीन ग्रीस भरा.

ट्रान्स्फर केसकडे, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना जोर देणाऱ्या आणि हाय-लो रेंज बदलणाऱ्या पेटीकडे, तर कुणी बघतच नाही. जिप्सीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये एक छोटा शाफ्ट असतो आणि केस स्वतःच्या तीन रबरी फाउंडेशनवर लटकलेली असते. रबर फाटलं की जोर देताना केस वळते, ‘धडक’ असा आवाज येतो आणि चढावर लीव्हर लोमधून उडून बाहेर येतो. लोक त्यावर गिअर खोलून बसतात. आधी तीनही रबरं बदला. त्याचबरोबर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले फुलीसारखे तुकडे) तपासा. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड लावलेले, आणि शाफ्ट हातानं मागे-पुढे फिरवायचा. क्रॉसमध्ये खेळ अजिबात नको.

तेलाचं माप: १.३ लिटरच्या गाडीत पुढच्या डिफमध्ये सुमारे २ लिटर, मागच्यात दीड लिटर, ट्रान्स्फर केसमध्ये पाऊण लिटरहून थोडं जास्त. मापावर विसंबू नका. गाडी सपाटीवर उभी करून भरायच्या भोकातून तेल ओघळायला लागेपर्यंत भरायचं, हाच खरा नियम. भरायचं बूच आधी उघडा, निचऱ्याचं नंतर. वरचं बूच गंजून अडकलं असेल आणि खालून तेल आधीच काढलं असेल तर गाडी जागेवर बसते.

गंज शोधायचा तो इथे: पुढच्या चाकामागचा पत्रा, पायाखालचा फ्लोअर, बॉडी चेसिसवर बसते ते ब्रॅकेट आणि चेसिसवर मागच्या शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) जागेजवळ. शेवटच्या जागी हातोडीचा दांडा मारून आवाज ऐका. भद्द आवाज आला तर बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवा आणि आधी चेसिस दुरुस्त करा. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल तर बदललेला नाही असंच धरा. पाण्याचा पंप त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते. रेडिएटर बाहेर काढून साफ करा, कारण लो गिअरमध्ये चढताना वारा लागत नाही आणि खरी परीक्षा तिथेच होते.

टायर

१.३ च्या गाडीचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७०३, म्हणजे डिफखाली १८ मिलिमीटर जास्त जागा. २३५/७५ आर १५ घेतला तर ७३३, म्हणजे ३३ मिलिमीटर. आकडा मोहात पाडतो, पण त्याची किंमतही मोजून पाहा.

जिप्सीला कंपनीचं पॉवर स्टिअरिंग नाही. २३५ चा टायर गल्लीत वळवताना खांदे भरून येतात आणि ती सगळी ताकद किंगपिनवर जाते. दुसरं, या गाडीची लो रेंज मुळातच कमी आहे. ट्रान्स्फर केसमध्ये हायचं गुणोत्तर १.४०९ आणि लोचं २.२६८, म्हणजे लो ही हायच्या फक्त १.६ पट. २३५ चा टायर त्यातले जवळजवळ १० टक्के खाऊन टाकतो. चढावर दगड ओलांडताना गाडी जितकी सावकाश चालायला हवी तितकी चालत नाही, मग क्लच अर्धवट दाबून चढवावी लागते आणि क्लच जळतो. स्पीडोमीटरही खोटं बोलतो: काटा ६० वर असताना खरा वेग ६६ असतो.

म्हणून रोजच्या गाडीला २१५/७५ आर १५, ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा), मूळ रिमवर. यात उंची वाढवावी लागत नाही, फारतर पूर्ण वळवल्यावर कुठे घासतं का ते पाहावं लागतं. २३५ लावायचाच असेल तर किमान ६ इंचाची रिम लागते. ती निवडताना चाक बाहेर काढणाऱ्या ऑफसेटची ‘रुंद’ रिम घेऊ नका. दिसायला ऐटबाज असते, पण चाकाचं वजन बेअरिंगपासून लांब जातं आणि किंगपिन पुन्हा पुन्हा जातात. ३१ इंची टायरचा विचार ट्रान्स्फर केसचे गिअर बदलल्याशिवाय करू नये, आणि रोजच्या गाडीला तर नकोच.

मड-टेरेन टायर काळ्या मातीत उजवा ठरतो, कारण मोठ्या खाचांमधून माती फेकली जाते. पण ओल्या डांबरावर तो घसरतो आणि ताशी ७० ला कानठळ्या बसवतो. रोज ऑफिसला जाणाऱ्यानं तो घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. स्टेपनीही त्याच मापाची हवी. फोर बाय फोरमध्ये वेगळ्या व्यासाचं चाक लावून चालवलं तर ताण थेट ट्रान्स्फर केसवर येतो.

हवेचा दाब म्हणजे फुकटातलं मॉडिफिकेशन. गाडी टनाच्या आसपास असल्यानं दाब कमी करायला वाव भरपूर आहे. रस्त्यावर मॅन्युअलमधला आकडा, खडकाळ पाणंदीवर १८ पीएसआय, चिखलात १५, कोरड्या वाळूत १२. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटतो. जांभ्याच्या कडा धारदार असतात, तिथं १८ च्या खाली उतरू नका, बाजूची भिंत चिरते. कमी दाबावर वेग ३० च्या आत ठेवा आणि डांबरावर येण्याआधी हवा भरा. त्यासाठी कॉम्प्रेसर थेट बॅटरीला लावायचा, मध्ये फ्यूज घालून. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर चालवला तर वायर वितळते.

पाण्यापासून संरक्षण

हे काम स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान टाळतं. घाट उतरून आलेला डिफ गरम असतो. तो ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून आत ओढली जाते. हाउसिंगवरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची छोटी वाट) चिखलानं बंद असेल तर सीलमधून पाणी आत येतं. तेल दुधी होतं आणि पुढच्या काही हजार किलोमीटरमध्ये बेअरिंग ओरडायला लागतात.

उपाय असा: दोन्ही डिफ, ट्रान्स्फर केस आणि गिअरबॉक्स यांचे ब्रीदर काढून त्या जागी बार्ब फिटिंग (होज घट्ट बसावी म्हणून खाचा असलेली छोटी नळी) बसवा, तेल सहन करणारी ६ किंवा ८ मिलिमीटरची होज लावा आणि बॉनेटखाली फायरवॉलच्या वरच्या भागापर्यंत न्या. टोकाला छोटा फिल्टर लावा. होज सायलेन्सरपासून लांब ठेवा. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लटकला तरी ताण येणार नाही एवढी ढील द्या.

कार्ब्युरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लगच्या वायरी हा कमकुवत भाग. टोपीला चीर नाही ना ते पाहा, वायरींचे रबरी बूट घट्ट बसवा. एमपीएफआयमध्ये इसीयू (इंजिनाचा संगणक) आणि जोडण्या जिथे आहेत तिथे चिखल पोचत नाही ना ते तपासा. स्नॉर्कल (इंजिनासाठी हवा वरून घेणारी उंच नळी) लावलं म्हणून गाडी बोट होत नाही. एअर फिल्टरच्या डब्याचे सांधे बंद केले नाहीत तर ते नुसती नळी.

पाण्याची मर्यादा टायरच्या निम्म्या उंचीची धरा. आधी काठी घेऊन चालत जा. पाणी ओढत असेल, तळ दिसत नसेल तर उतरू नका. पावसाळ्यातले सह्याद्रीतले ओढे वर पाऊस झाला की मिनिटांत वाढतात. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, चारही प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर फेका.

ओढण्याची सोय

बंपर हा ओढायचा बिंदू नाही. चेसिसच्या दोन्ही रेल्सना, पुढे आणि मागे, बोल्टनं बसवलेले हुक किंवा डी-ब्रॅकेट हवेत. प्रत्येकाला किमान दोन १२ मिलिमीटरचे ८.८ किंवा वरच्या ग्रेडचे बोल्ट, आणि रेलच्या आत जाड पट्टी, म्हणजे पत्रा फाटत नाही. गंजलेल्या रेलला वेल्डिंगनं हुक चिकटवणं धोक्याचं. सुटलेला हुक बंदुकीच्या गोळीसारखा येतो. ट्रेलरच्या टो-बॉलला दोर कधीही अडकवू नये.

सोबत ठेवायच्या वस्तू: ६ ते ८ टनांचा कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, सव्वातीन टनांच्या दोन बो-शॅकल (दोर हुकाला जोडायच्या पिनेच्या कड्या), फावडं, लाकडी फळी, बॉटल जॅक, हातमोजे, हवा मोजायचा गेज. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर उघडत नाही. दोरावर ओलं पोतं टाका आणि सगळ्यांना दोराच्या दीडपट अंतरावर उभं करा. विंच (गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र) रोजच्या गाडीला नको: पुढच्या टोकाला ३० किलोहून जास्त वजन लटकतं, पुढचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग आणखी जड होतं. दुसऱ्या गाडीबरोबर जाण्याची सवय लावली तर तो पैसा वाचतो. एकट्यानं जाऊ नका.

उंची वाढवायचीच असेल तर

जुन्या जिप्सीत ‘उंची वाढवा’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचे पाटे बसलेले असतात. काम सुरू करण्याआधी चारही चाकांना हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजून लिहून ठेवा. डावी-उजवीत फरक असेल तर पाटे थकले आहेत. नवीन पाटे आणि नवीन बुश घातले की हरवलेली उंची परत येते. जुन्यांना पुन्हा कमान द्यायची तर थंड वाकवणारा कारागीर शोधा. पाटा भट्टीत तापवून कमान मारतात आणि पुन्हा पाणी देत नाहीत, अशा ठिकाणाहून उठून या. तो पाटा मऊ होतो किंवा मोडतो.

वरचा एक पाटा वाढवणं हा सोपा मार्ग, पण जिप्सी आधीच कडक आहे. एक पाटा वाढला की रिकामी गाडी खड्ड्यात उसळते, चाक जमीन सोडतं, म्हणजे ऑफ-रोडला उलट तोटाच. लांब शॅकलचा हिशेब असा: शॅकल २ इंच लांब केली तर गाडी १ इंच वर येते. पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते, त्यामुळे ती लांब केली की अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. गाडी रस्त्यावर भरकटते, थरथर परत येते. त्यासाठी पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये कोनाची पाचर घालावी लागते.

२ इंचांपर्यंतची स्प्रिंग लिफ्ट ही रोजच्या गाडीची कमाल मर्यादा. त्याबरोबर ही कामं टाळता येत नाहीत: लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर, लांब ब्रेक होज, बंप स्टॉप (अ‍ॅक्सल वर आदळू नये म्हणून असलेले रबर) खाली आणणं, आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) जुळवून स्टिअरिंग मधोमध घेणं. गाडी चेसिसवर उचलून अ‍ॅक्सल मोकळे लटकू द्या. त्या स्थितीत ब्रेक होज ताणली जात नाही ना, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवल्यावर कुठे अडकत नाही ना, आणि प्रोपेलर शाफ्टची स्प्लाइन (एकात एक सरकणारा खाचांचा भाग) पुरेशी आत राहते ना, हे डोळ्यांनी पाहा. यू-बोल्ट नवीनच घ्या, ते एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. पाट्याच्या बुशांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळा. हवेत आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि लवकर फाटतं.

मूळ रचनेत पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ते वरून घेण्याचं ‘स्प्रिंग ओव्हर’ काम केलं की गाडी सुमारे ५ इंच उचलली जाते. स्टिअरिंगची भूमिती, ब्रेक मारताना अ‍ॅक्सलचं पिळणं, वळणावरचा कल, सगळं बदलतं. मुलांना शाळेत सोडायच्या गाडीवर ते करू नये.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. लोखंडी बुल बारवर कारवाई करण्याची सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिली. तो बार पादचाऱ्याला जीवघेणा ठरतो, लावू नका. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीला फेरनोंदणी आणि पर्यावरण कर लागतो. तपासणीच्या दिवशी गाडी मूळ रूपाच्या जितकी जवळ तितकं बरं. मूळ रिम आणि टायर विकू नका.

चालवायचं कसं

जिप्सीत मधला डिफरेन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकून वळलात तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक कुठेच जात नाही, शाफ्ट पिळले जातात आणि लीव्हर निघत नाही. तसं झालं तर थोडं सरळ मागे घ्या, सुटेल. तुमच्या गाडीला पुढच्या चाकांच्या मध्यभागी हातानं फिरवायचे हब असतील तर चिखलात शिरण्याआधी दोन्ही लॉक करा. नुसता लीव्हर टाकून पुढची चाकं फिरत नाहीत. लोमध्ये टाकताना गाडी पूर्ण थांबवा.

अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. पॉवर स्टिअरिंग नसल्यानं दगडाचा झटका थेट हातात येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, पुढचा सीव्ही जॉइंट नेमका त्या कोनात तुटतो. एक चाक हवेत फिरायला लागलं तर जोर वाढवण्याऐवजी डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून ठेवा. फिरणारं चाक आवरतं आणि थोडा जोर दुसऱ्या बाजूला जातो.

उतारावर लोचा पहिला गिअर, पाय क्लचवरून खाली. चढावर गाडी अडली तर ब्रेक घट्ट दाबा, रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा, मग ब्रेक हळूहळू सोडत सरळ मागे उतरा. चढावर आडवं वळायचं नाही. गाडी अरुंद आणि उंच आहे, उलटते.

जागेची निवडही कौशल्याचाच भाग आहे. शेतमालकाला विचारून पाणंद, बंद पडलेली खाण, क्लबांचे आखलेले ट्रॅक, हे सगळं खुलं आहे. कास पठार ज्या पश्चिम घाटात आहे त्याला २०१२ मध्ये जागतिक वारसा मिळाला, आणि तसे सडे (खडकाळ पठारं) कोकणभर आहेत. खडकावर बोटभर माती असते. एकदा चाक फिरलं की तिथली फुलं वर्षानुवर्षं येत नाहीत. सड्यावर, वनखात्याच्या हद्दीत, भाताच्या खाचरात गाडी घालू नका. किनाऱ्यावरही नको: वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणं गुन्हा आहे, आणि खारं पाणी जिप्सीचा पत्रा फार लवकर खातं.

परत आल्यावर, त्याच रात्री

चिखल वाळायच्या आत खालून धुवा. काळी माती रिमच्या आत वाळली की ताशी ६० ला गाडी थरथरते आणि लोक विनाकारण बॅलन्सिंग करत बसतात. मागचे ब्रेक ड्रम उघडून आतला चिखल काढा, नाहीतर लायनिंग दगडासारखं ड्रम घासतं. रेडिएटरच्या जाळीत मागून पुढे पाणी मारा, कमी जोरानं, पाकळ्या वाकतात. फ्लोअरची रबरी बुचं काढून पाणी बाहेर जाऊ द्या.

सगळ्या ग्रीस निपलना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारा. पाणी ओलांडलं असेल तर दोन्ही डिफची निचऱ्याची बुचं जरा ढिली करून थेंबभर तेल बघा. पाणी जड असल्यानं रात्रभर उभ्या गाडीत तेच आधी येतं, म्हणून हे सकाळी, गाडी हलवण्याआधी करा. दुधी दिसलं तर त्याच दिवशी तेल बदला. चुंबकी बुचाला राखाडी पेस्ट असेल तर चालेल, चकत्या किंवा तुकडे असतील तर डिफ उघडायची वेळ आली आहे.

शेवटी पाना घेऊन चाकांचे नट, यू-बोल्ट, शॉकचे बोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट आवळून पाहा. नवीन यू-बोल्ट पहिल्या १०० ते २०० किलोमीटरनंतर नक्की ढिले होतात. त्यानंतर १,००० किलोमीटरला पुन्हा, आणि मग प्रत्येक सर्व्हिसला.